सतरा अंकांची एक संख्या

जबलपूर शहरालगत ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळांनी भरलेली एक टेकडी आहे आणि तिच्या माथ्यावर मदन महल नावाची एक लहानशी गढी उभी आहे. गढा येथील गोंड राजघराण्यातील मदनसिंह या राजाच्या नावाशी परंपरेने ती जोडली आहे. इ. स. १५६४ मध्ये आसफखानाच्या मोगल सैन्याशी लढताना कामी आलेली राणी दुर्गावती ही याच घराण्याची सून. पुढे १७८१ मध्ये हा मुलूख सागरच्या मराठ्यांकडे आला, त्यानंतर नागपूरकर भोसल्यांकडे आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेला. आज त्या गढीचे नाव सर्वांत अधिक वेळा उच्चारले जाते ते मात्र इतिहासाच्या वर्गात नव्हे, तर रेल्वेच्या फलाटावर. कारण जबलपूरला लागून असलेल्या स्थानकाचे नावही मदन महल असेच आहे.

हे स्थानक ज्या मार्गावर आहे तो मुंबई-जबलपूर लोहमार्ग १८७० मध्ये पूर्ण झाला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा हा मार्ग अलाहाबादकडून जबलपूरपर्यंत येऊन पोचलेल्या दुसऱ्या लोहमार्गाला मिळाला आणि मुंबई व कलकत्ता ही दोन शहरे रुळांनी जोडली गेली. मदन महल मागे टाकून गाडी मुंबईकडे निघाली की इटारसी, खांडवा, भुसावळ, चाळीसगाव, मनमाड, देवळाली, कल्याण, डोंबिवली अशी गावे ओळीने येतात. या ओळीतील तीन गावांचा गणिताच्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे, आणि त्या तिन्ही गावांना एका सूत्रात ओवता येईल अशी एक संख्या आहे. ती संख्या सतरा अंकांची आहे: १२३४५६७८९८७६५४३२१.

एकापासून क्रमाने नवापर्यंत चढावे आणि नवापासून त्याच क्रमाने पुन्हा एकापर्यंत उतरावे, असे तिचे रूप आहे. डावीकडून वाचली काय किंवा उजवीकडून वाचली काय, ती सारखीच. पण ती उच्चारायची कशी? लाख आणि कोटी यांच्यापलीकडे आपली रोजची भाषा सहसा जात नाही. त्या भाषेत ही संख्या सुमारे एकशे तेवीस कोटी कोटी एवढी भरेल. सेकंदाला एक या वेगाने कोणी अहोरात्र मोजू लागला तर तेथवर पोचावयास त्याला सुमारे एकोणचाळीस कोटी वर्षे लागतील.

मात्र आपल्या पूर्वजांजवळ एवढ्या मोठ्या संख्येसाठीही शब्द होते. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्या नावांनी ही संख्या वाचली तर ती अशी होते: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आणि मग उतरणीला आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश आणि एक. अठरापैकी सतरा स्थाने येथे भरली आहेत. केवळ परार्धाचे स्थान रिकामे आहे. चाळीसगावाजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिला होता. तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. आपल्या लोहमार्गावरील तीन गावांपैकी चाळीसगाव हे पहिले.

आता या संख्येच्या जन्माकडे वळावे. ती आकडे हौसेने ओळीत मांडून तयार झालेली नाही. नऊ वेळा एक लिहून होणारी १११११११११ ही संख्या घ्यावी आणि तिला तिनेच गुणावे. येणारा गुणाकार हीच आपली सतरा अंकी संख्या होय. असे का व्हावे हे शाळेतल्या पद्धतीने गुणाकार मांडला की कागदावरच दिसते. एकाने गुणावयाचे असल्यामुळे प्रत्येक ओळीत तेच नऊ एक येतात आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकते. मग उभ्या बेरजा करू लागलो की उजवीकडच्या पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन असे एक वाढत जाते. मधल्या घरात नऊच्या नऊ ओळी एकमेकींखाली येतात, म्हणून तेथे नऊ. आणि तेथून पुढे ओळी एकेक करून संपू लागतात, म्हणून बेरजाही एकेकाने उतरतात. कोठेही हातचा घ्यावा लागत नाही. या संख्येचे सारे सौंदर्य या हातचा नसण्यात आहे.

हीच रचना लहान प्रमाणावरही दिसते. अकराचा वर्ग १२१, एकशे अकराचा वर्ग १२३२१, अकराशे अकराचा १२३४३२१. असा हा जिना पायरी पायरीने वाढत जातो. नववी पायरी ही शेवटची. दहा वेळा एक लिहून वर्ग केला तर मधल्या घरात दहा येतात, शून्य मांडून एक हातचा जातो, तो शेजारच्या नवाचे दहा करतो, तेथूनही एक हातचा निघतो आणि तो आठाचे नऊ करतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढण सातापर्यंत ठीक चालते, मग आठ नाहीसा होतो आणि माथ्यावर दोन शून्ये येऊन बसतात. म्हणून सतरा अंकांची आपली संख्या तिच्या कुळातील सर्वांत मोठी निर्दोष संख्या ठरते.

अशा संख्यांचे आकर्षण आजकालचे नाही. इ. स. ८५० च्या सुमारास राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात महावीराचार्य या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ लिहिला. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचा मोठा भाग तेव्हा राष्ट्रकूटांच्या सत्तेखाली होता. या ग्रंथातील गुणाकाराच्या उदाहरणांत महावीराचार्यांनी काही गुणाकार असे निवडले आहेत की त्यांची उत्तरे कंठात घालावयाच्या हारासारखी दोन्ही बाजूंनी सारखी यावीत. आणि त्यांचे वर्णनही त्यांनी हाराच्याच भाषेत केले आहे. १३९ ला १०९ ने गुणले की १५१५१ येतात. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले की १२३४५६५४३२१ येतात. म्हणजे एकापासून सहापर्यंत चढून पुन्हा उतरणारा हार. येथे एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. ४४१ हा २१ चा वर्ग आहे, २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग आहे, आणि २१ गुणिले ५२९१ म्हणजे सहा वेळा एक: ११११११. याच ग्रंथात १२३४५६७९ गुणिले ९ हेही उदाहरण आहे, आणि त्याचे उत्तर आहे १११११११११. म्हणजे आपल्या जिन्याची सहावी पायरी आणि नवव्या पायरीचे वर्गमूळ, दोन्ही साडेअकराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली आहेत.

१२३४५६७९ या संख्येत आठ का नाही, हा प्रश्न शाळकरी मुलांना नेहमी पडतो. त्याचे उत्तर वर आलेच आहे. एक, दोन, तीन असे आकडे एकेक घर पुढे सरकवत अखंड मांडत गेलो की नवानंतर दहा येतात. दहाचा हातचा नवाचे दहा करतो आणि नवाचा हातचा आठाचे नऊ करतो. हातच्यामुळे हरवलेला आठ तो हाच.

याच नवव्या शतकात मदन महलाचा परिसर कोणाच्या सत्तेत होता? टेकडीपासून काही मैलांवर तेवर नावाचे गाव आहे. प्राचीन त्रिपुरी ती हीच. कलचुरी राजांची राजधानी. तेथील पहिल्या कोकल्ल राजाची कन्या अमोघवर्षाचा पुत्र दुसरा कृष्ण याला दिली होती. त्रिपुरीचे कलचुरी आणि मान्यखेटचे राष्ट्रकूट हे असे सोयरे होते, आणि महावीराचार्यांचे हार ज्या दरबाराच्या छायेत गुंफले गेले त्या दरबाराचे नाते नर्मदातीरापर्यंत पोचले होते. त्याच शतकात, ८७६ मध्ये, ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरात एक शिलालेख कोरला गेला. देवासाठी दिलेल्या बागेची लांबी २७० हात आणि रोजच्या फुलांच्या माळा ५०, असे त्यात आकड्यांत लिहिले असून त्या दोन्ही ठिकाणी शून्य स्पष्ट कोरले आहे. स्थानानुसार अंकाची किंमत बदलावी आणि रिकाम्या स्थानी शून्य बसावे, ही व्यवस्था तोवर देवळाच्या हिशेबापर्यंत उतरली होती. ही व्यवस्था नसती तर आपल्या संख्येला रूपच आले नसते. रोमन अक्षरांत ती लिहू गेल्यास तिच्यातील जिना कोणालाही दिसणार नाही.

यानंतर एकदम विसाव्या शतकात यावे लागते, आणि आपल्या लोहमार्गावरील उरलेल्या दोन गावांत. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणू येथे झाला. शालेय शिक्षण ठाण्यास आणि पुढचे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळेत शिक्षक होते. पदवीनंतरचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. संशोधनासाठी त्यांच्याजवळ कागद, पेन्सिल आणि संख्यांचे वेड एवढेच भांडवल होते. भारतीय गणित परिषदेच्या ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात १९३८ मध्ये त्यांनी ‘अद्भुत डेमलो संख्यां’वर लिहिले. १, १२१, १२३२१ अशी चढणारी आणि आपल्या सतरा अंकी संख्येपाशी पोचणारी माळ ती हीच. डेमलो हे नाव कोणा ग्रीक किंवा फ्रेंच गणितज्ञाचे असावे असे ऐकणाऱ्यास वाटते. वस्तुतः ते एका स्थानकाचे नाव आहे. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर, याच जी. आय. पी. रेल्वेवर डेमलो म्हणजे आताचे डोंबिवली स्थानक आहे. तेथे कापरेकरांना या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून त्यांनी तिला त्या गावाचे नाव दिले.

डेमलो संख्येची कापरेकरांची कसोटी सोपी आहे. संख्येचे तीन भाग करावे: आरंभ, मध्य आणि शेवट. आरंभ व शेवट यांची बेरीज केली असता मध्यभागातील अंकच पुन्हा पुन्हा यावा. २५५३ घ्या: दोन आणि तीन मिळून पाच, आणि मध्ये पाचच आहेत. आता आपली संख्या घ्या. आरंभीचे आठ अंक १२३४५६७८. शेवटचे आठ अंक ८७६५४३२१. त्यांची बेरीज ९९९९९९९९, आणि मध्ये उभा आहे तो नऊ.

कापरेकरांनी संख्यांचे आणखीही वर्ग पाडले. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते तिला त्यांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे. ८१ ने तिला भागले तर बाकी काहीच राहत नाही, आणि भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१. हा तर महावीराचार्यांच्या १२३४५६७९ चा वर्ग. म्हणजे ही डेमलो संख्या हर्षदही आहे. नऊ पायऱ्यांपैकी हा मान पहिल्या, तिसऱ्या आणि नवव्या पायरीलाच मिळतो. इतर सहा पायऱ्या या कसोटीस उतरत नाहीत.

तिसरा वर्ग आज जगभर कापरेकरांच्याच नावाने ओळखला जातो. संख्येचा वर्ग करावा, त्याचे दोन तुकडे करावे, त्यांची बेरीज करावी. मूळ संख्या परत आली तर ती कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५. वीस आणि पंचवीस मिळून पंचेचाळीस. आता आपल्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने, म्हणजे ८१ ने, भागण्याऐवजी गुणून पाहावे. गुणाकार येतो ९९९९९९९९८००००००००१. हा नऊ वेळा नऊ लिहून होणाऱ्या संख्येचा वर्ग आहे. त्याचे दोन तुकडे केले, ९९९९९९९९८ आणि १, तर त्यांची बेरीज पुन्हा ९९९९९९९९९. अशा रीतीने डेमलो, हर्षद आणि कापरेकर या तिन्ही कल्पना या एका संख्येपाशी येऊन मिळतात.

आता प्रश्न असा की, याला गणित म्हणावे काय? हा प्रश्न कापरेकरांच्या हयातीत त्यांच्यासमोर वारंवार आला. त्यांचे काम क्षुल्लक मानणारे लोक होते, आणि त्या मताच्या मागे थोर नावांचे वजनही उभे करता येत होते. रामानुजनांना पुढे आणणारे इंग्रज गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या आपल्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात अशाच संख्यांची उदाहरणे घेतली आहेत. ८७१२ ही तिच्या उलट संख्येची, म्हणजे २१७८ ची, चौपट आहे. ९८०१ ही १०८९ ची नऊपट आहे. हार्डींच्या मते अशा गोष्टी कोड्यांच्या रकान्यात शोभतील, पण गणितज्ञाच्या मनाला त्यांत काही घेण्यासारखे नाही, कारण त्यांतून कोणताही व्यापक सिद्धांत निघत नाही.

हा आक्षेप अर्धा खरा आहे आणि तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. संख्येचे गुण दोन जातींचे असतात. काही संख्येचे स्वतःचे, तर काही तिच्या लेखनाचे. आपली संख्या पूर्ण वर्ग आहे, हा तिचा स्वतःचा गुण. तिचे अवयव पाडले असता तीन चार वेळा, सदतीस दोन वेळा आणि ३३३६६७ ही मूळ संख्या दोन वेळा येते. त्यामुळे तिला बरोबर पंचेचाळीस विभाजक आहेत. हेही गुण तिचे स्वतःचे, आणि ती कोणत्याही लिपीत लिहिली तरी ते पालटणार नाहीत. पण तिचे चढणे आणि उतरणे, दोन्हीकडून सारखे असणे, अंकांची बेरीज ८१ येणे हे सारे आपण दहा-दहाचे गट करून मोजतो म्हणून. माणसाच्या हाताला आठ बोटे असती तर ही संख्या वेगळ्या वेषात दिसली असती आणि कोणी तिच्याकडे वळूनही पाहिले नसते.

आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग मात्र या संख्येला लागू पडत नाही. आठ बोटांच्या माणसांना आपली संख्या दिसली नसती. पण त्यांना त्यांची दिसली असती. आठ-आठांचे गट करून सात वेळा एक लिहावा आणि वर्ग करावा. सातापर्यंत चढून उतरणारा जिना तेथेही उभा राहतो. अगदी लहान उदाहरण हवे असेल तर चार-चारांचे गट घ्यावे. तेथे तीन वेळा एक म्हणजे एक सोळा, एक चार आणि एक, अर्थात आपले एकवीस. एकवीसाचा वर्ग ४४१. हे चाराच्या पद्धतीत मांडले तर एक वेळा २५६, दोन वेळा ६४, तीन वेळा १६, दोन वेळा ४ आणि एक. लेखन झाले १२३२१. महावीराचार्यांच्या हारातील ४४१ येथे स्वतःच एक हार होऊन येतो. म्हणजे सिद्धांत असा: ज्या संख्येचे गट करून मोजावे, तिच्याहून एकाने कमी इतके एक लिहून वर्ग केला की चढ-उताराचा सर्वांत उंच निर्दोष जिना मिळतो, आणि त्यापुढे एक पाऊल टाकले की हातचा येऊन तो मोडतो. हा सिद्धांत दहालाही लागू, चारालाही लागू आणि कोणत्याही संख्येलाही लागू. कोड्याच्या रकान्यातून उचललेल्या वस्तूत व्यापकता आली ती अशी.

केवळ एकाच्या अंकांनी बनलेल्या संख्यांपुरते बोलावयाचे, तर त्यांच्या मागे लागलेले गणितज्ञ अजून थांबलेले नाहीत. अकरा ही मूळ संख्या आहे. त्यानंतर एकोणीस आणि मग तेवीस वेळा एक लिहिला की मूळ संख्या मिळते. पुढची येते ती ३१७ अंकांवर. अशा मूळ संख्या अनंत आहेत की कोठे तरी संपतात, हे अद्याप कोणालाही सिद्ध करता आलेले नाही. ज्या मालिकेतील नववी संख्या शाळेतल्या मुलाला गुणाकाराची गंमत दाखवते, तीच मालिका पुढे जाऊन आजच्या गणिताला न सुटलेला प्रश्न विचारते.

कापरेकर १९६२ मध्ये निवृत्त झाले. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत गेले असता अखेर ६१७४ वर येऊन थांबावे लागते, हे त्यांचे निरीक्षण तोवर छापले गेले होते. पण १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कोठे देवळालीच्या या शिक्षकाचे नाव जगभर गेले. १९८६ मध्ये ते वारले. आज डेमलो, हर्षद आणि कापरेकर संख्या ही नावे परदेशी भाषांतील गणिताच्या कोशांतही सापडतात. संगणक ज्या संख्या क्षणात तपासतो त्या त्यांनी हाताने तपासल्या होत्या, आणि त्यांपैकी बहुतेक काम शाळेचे तास संपल्यावर केलेले होते.

मदन महलहून मुंबईकडे जाणारी गाडी आजही चाळीसगाव, देवळाली आणि डोंबिवली यांवरून जाते. बारावे शतक आणि विसावे शतक यांमधील अंतर त्या तीन गावांत विभागलेले आहे, हे प्रवाशाला खिडकीतून दिसत नाही. प्रवास लांबचा असेल आणि कागद-पेन्सिल जवळ असेल, तर नऊ एक नऊ एकांनी गुणून पाहण्यास काही हरकत नाही. आणि ते जमले की दहा एकांनीही तोच प्रयोग करावा. पहिले उत्तर आनंद देईल. पण हातचा काय करतो आणि आठ कोठे जातो, हे शिकवील ते दुसरेच.